वाढणाऱ्या हाडाची दिशा

सहा वर्षांच्या मुलाचे मनगटाजवळचे हाड मोडले आणि ते किंचित वाकडे जुळू लागले, तर अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ बहुधा ते पुन्हा सरळ करण्याच्या खटपटीत पडत नाही. वर्ष-दोन वर्षांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये ते वाकडेपण शोधावे लागते. चाळीस वर्षांच्या माणसाच्या हाडात मात्र तीच वक्रता कायमची राहते. हा फरक मुलाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ असलेल्या कूर्चेच्या एका पातळ चकतीमुळे पडतो. या वाढीच्या चकतीत नव्या पेशी सतत तयार होतात, मागच्या पेशींचे हाड बनते आणि हाड लांबत जाते. मुलींमध्ये साधारण चौदाव्या आणि मुलांमध्ये सोळाव्या वर्षाच्या सुमारास तिचे हाडात रूपांतर होते आणि उंची वाढणे थांबत जाते.

अर्थात वाढ सगळ्याच चुका पोटात घालत नाही. मोडलेले हाड चकतीच्या जवळ असेल आणि सांधा ज्या दिशेने वाकतो त्याच दिशेने वाकलेले असेल, तर ते उत्तम सुधारते. पण हाडाला बसलेला पीळ जवळजवळ तसाच राहतो. सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत गेलेली चीर तंतोतंत जुळवावी लागते. खुद्द चकतीलाच इजा झाली, तर एका बाजूची वाढ थांबून हाड तिरके वाढू शकते. त्यामुळे अशा मुलाला प्लास्टर निघाल्यावरही अनेक महिने तपासणीसाठी बोलावतात. दुखणे थांबले म्हणून पालकांना ही फेरी निरर्थक वाटते, पण वाढीतला बिघाड सुरुवातीला दुखत नाही.

वाढीचाच उपचार म्हणून उपयोग करण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण, माझ्या मते, जन्मतः आत वळलेल्या पावलाचे आहे. सुमारे हजार जन्मांमागे एका बाळाचे एक किंवा दोन्ही पाऊल असे असते. पूर्वी यावर मोठी शस्त्रक्रिया करत. पाऊल दिसायला सरळ होई, पण पुढे ते ताठर आणि दुखरे बनण्याची शक्यता राही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम करणारे स्पॅनिश वंशाचे डॉक्टर इग्नासिओ पोन्सेटी यांनी वेगळी वाट धरली. तान्ह्या बाळाचे अस्थिबंध मऊ असतात, म्हणून पाऊल हलक्या हाताने थोडे वळवायचे, त्या स्थितीत मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे आणि आठवड्याने ते काढून पुढचे घालायचे. बहुतेक बाळांना अशी पाच-सहा प्लास्टरे पुरतात. टाचेमागची कंडरा आखूड असल्यास ती एका लहानशा छेदाने मोकळी करतात, आणि शेवटच्या प्लास्टरच्या तीन आठवड्यांत ती पुन्हा जुळते. खरी कसोटी त्यानंतरची असते. आडव्या पट्टीला जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. ते मध्येच सुटले की पाऊल पुन्हा वळू लागते.

खुब्याच्या सांध्यातही तत्त्व तेच. मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत नीट बसलेला असला, तरच ती खोबण त्याच्याभोवती पुरेशी खोल होते. म्हणून सैल खुब्याच्या बाळाला पहिल्या सहा महिन्यांत पट्ट्यांचा एक पेहराव घालून पाय दुमडलेले आणि फाकलेले ठेवतात. दोन्ही पाय सरळ ताणून बाळाला घट्ट गुंडाळणे याच कारणाने टाळायला हवे. दोन वर्षांपर्यंतचे धनुष्यासारखे बाकदार पाय, तीन-चार वर्षांच्या मुलाचे एकमेकांना टेकणारे गुडघे आणि लहानपणचे सपाट तळवे मात्र बहुधा वाढीतले टप्पेच असतात. त्यांना विशेष बुटांची गरज नसते.

थांबू नये अशी लक्षणे वेगळी आहेत. तापासोबत मूल पायावर भारच देत नसेल, तर सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तिथे उशीर काही तासांचाही महाग पडतो. वयात येणारे, विशेषतः वजन जास्त असलेले मूल गुडघा दुखतो म्हणत लंगडत असेल, तर खुबा तपासायलाच हवा: मांडीच्या हाडाचा माथा वाढीच्या चकतीवरून घसरला तरी वेदना अनेकदा गुडघ्यात जाणवते. अशा मुलाला त्या पायावर चालू न देता स्क्रू घालून माथा जागीच स्थिर करतात.

पौगंडावस्थेत हातातला वेळ संपत आलेला असतो. पाठीचा कणा वाकत असेल आणि वाढ शिल्लक असेल, तेव्हाच पट्टा उपयोगी पडतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पट्टा घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही, तर केवळ निरीक्षणाखाली असलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. पट्टा रोज सरासरी तेरा तासांच्या आसपास किंवा त्याहून अधिक घालणाऱ्यांत यश नव्वद टक्क्यांहून जास्त होते.

दोन पायांच्या लांबीतला फरक मिटवताना तर हिशेब अक्षरशः सेंटीमीटरमध्ये मांडतात. मांडीच्या हाडाची गुडघ्याजवळची चकती वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर वाढ देते. वाढ संपेल तेव्हा चार सेंटीमीटरचा फरक राहील असा अंदाज असलेल्या मुलाच्या लांब पायातील ही चकती बाराव्या वर्षी बंद केली, तर सोळाव्यापर्यंत दुसरा पाय त्याला गाठतो. हेच काम तेराव्या वर्षी केले, तर तीनच सेंटीमीटर भरून निघतात.