रोलर, इंजिन आणि भंगाराचा भाव : जुनी अवजड यंत्रे जतन करण्याच्या छंदाची पार्श्वभूमी

१९५० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ॲपलफोर्ड गावी दोन गडी आपापली वाफेची ट्रॅक्शन इंजिने, म्हणजे रुळांशिवाय स्वतः चालणारी आणि ओझी ओढणारी इंजिने, घेऊन शेतात शर्यतीला उतरले. पैज होती बिअरच्या एका पिंपाची. त्याच वर्षी अमेरिकेत आयोवातल्या माउंट प्लेझंटला जुन्या मळणीवाल्यांचा पहिला मेळावा भरला. दोन्हीकडची परिस्थिती सारखीच होती. डिझेल ट्रॅक्टर आणि कंबाइन हार्वेस्टरमुळे वाफेची इंजिने कामातून गेली होती, पण ती हाकणारी माणसे अजून धडधाकट होती. चार वर्षांत ब्रिटनमध्ये अशा इंजिनवाल्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९६९ मध्ये डॉर्सेटचा वाफेचा मेळा सुरू झाला. रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून हिणवला गेलेला हा प्रकार तोवर रीतसर छंद झाला होता.

त्याआधीचे शतक फार उगाळायला नको. वाफेच्या फावड्याचे, म्हणजे वाफेवर चालणाऱ्या खोदयंत्राचे, पेटंट १८३९ चे. ओढून न्यावे लागणारे वाफेचे इंजिन साखळी जोडून स्वतःच्या पायावर चालवले गेले ते १८५९ मध्ये. साखळीपट्ट्यावरच्या ट्रॅक्टरची कॅलिफोर्नियातली चाचणी १९०४ ची. छंदाच्या दृष्टीने यंत्रे कधी जन्मली यापेक्षा त्यातली कोणती मरायची राहिली, हे महत्त्वाचे.

आणि ते ठरवले भंगाराच्या भावाने. दुसऱ्या महायुद्धात लोखंड गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, तेव्हा रस्त्यालगतची, रेल्वेजवळची यंत्रे आधी गेली. जंगलात, खाणीच्या तळाशी किंवा चिखलात रुतलेली वाचली, कारण ती तोडून बाहेर काढण्याचा खर्च लोखंडाच्या किमतीपेक्षा जास्त होता. म्हणजे वजनानेच यंत्राला तारले. याचे टोकाचे उदाहरण कॅन्ससमधल्या वेस्ट मिनरलला उभे आहे. तिथले कोळसा खाणीतले विजेवरचे फावडे जवळपास ५,००० टनांचे आणि ४९ मीटर उंच. १९७४ मध्ये काम थांबले, हलवणे परवडेना, म्हणून ते जागीच राहिले आणि पुढे त्याचेच संग्रहालय झाले. घरामागच्या शेडमध्ये रात्री काम करणाऱ्या छंदिष्टाशी त्याचा थेट संबंध नाही, पण तर्क तोच.

या छंदात सर्वांत जास्त भांडणे झाली ती एका प्रश्नावर: वाफेच्या रोड रोलरचे ट्रॅक्शन इंजिन करावे का?

प्रश्न उद्भवला तुटवड्यातून. शेतातली इंजिने लवकर मोडीत निघाली. जत्रेतले पाळणे फिरवणारी आणि दिवे पेटवणारी, पितळी खांबांची इंजिने मुळातच थोडी होती. त्यांना हात लावणेही सामान्य माणसाला परवडेना. रोलर मात्र मुबलक होते. ब्रिटनमधल्या नगरपालिका १९५० आणि ६० च्या दशकांतही ते वापरत होत्या, आणि नंतर एकदम विकायला निघाल्या. ज्याला इंजिन हवे होते त्याच्या वाट्याला रोलर आला.

दोन्हींचे धड जवळजवळ सारखेच. तोच आडवा बॉयलर, त्यावर बसवलेला सिलिंडर, बाजूला फ्लायव्हील, मागे कोळशाची आणि पाण्याची टाकी. फरक दिसतो तोंडाशी. रोलरच्या धुरपेटीपुढे (बॉयलरच्या पुढच्या टोकाची, धुराड्याखालची पेटी) एक जाडजूड ओतीव डोके असते, त्यात उभा काटा आणि काट्यात पुढचा गुळगुळीत रूळ. हे डोके उतरवायचे, नवी धुरपेटी रिव्हेट करायची, तिच्याखाली आस आणि दोन चाके द्यायची, मागची रुंद सपाट चाके काढून दातेरी किंवा रबर चढवलेली बसवायची, की झाले इंजिन तयार. पैसे उरले तर डोक्यावर पूर्ण लांबीचे छत, पिळाचे पितळी खांब आणि धुराड्यापुढे डायनॅमो. मैदानात उभे केले की लहान मुले त्याच्याकडेच धावतात.

बदल करणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. रोलर हळू चालतो, डांबरी रस्त्यावर हाडे खिळखिळी करतो, आणि मेळाव्यात रांगेने उभ्या असलेल्या वीस रोलरांपुढे कोणी थांबत नाही. बदल केला नसता तर हा बॉयलर भट्टीत गेला असता, हे तर त्यांचे हुकमी वाक्य. काही यंत्रांबाबत ते खरेही होते. पुढचे डोके आधीच विकले गेले असेल तर उरलेल्याचे करायचे काय?

पण अनेक रोलर धडधाकट आणि पूर्ण होते. केंटमधल्या एका कारखान्याच्या रोलरवर पुढच्या बाजूला मागच्या पायांवर उभा राहिलेला पितळी घोडा असे. डोके काढले की घोडाही गेला, आणि काढलेले ओतकाम बहुधा भंगारात. तो भाग पुन्हा हवा असेल तर लाकडी नमुना करून फौंड्रीत नव्याने ओतून घ्यावा लागतो. शिवाय मेळाव्याला येणाऱ्याची अशी समजूत होते की त्या काळी गावोगाव झगमगती जत्रेची इंजिने फिरत होती आणि रस्ते आपोआप झाले. खडी दाबण्याचे कंटाळवाणे काम करणारे यंत्र इतिहासातूनच वजा होते. माझ्या मते हे नुकसान पितळेच्या झळाळीने भरून निघणारे नाही.

विरोधकांचीही एक अडचण आहे, ती ते सहसा सांगत नाहीत. यंत्रे कामावर होती तेव्हाही मालक ती सर्रास बदलत. ओझी ओढणारी रस्त्यावरची इंजिने पहिल्या महायुद्धानंतर जत्रावाल्यांनी घेतली आणि त्यांना छत-डायनॅमो चढवले. काही शेतकी इंजिनांचे उलट रोलर झाले. मग मूळ रूप कोणत्या सालचे धरायचे? कारखान्यातून निघाले त्या दिवसाचे, की शेवटचे काम केले त्या दिवसाचे? पोटासाठी केलेला बदल इतिहास आणि हौसेने केलेला बदल विटंबना, अशी विभागणी सोयीची आहे, पण १९६५ च्या हौशी बदलालाही आता अर्धशतक उलटून गेले.

इतरत्र यावर लेखी तत्त्वे झाली. वास्तूंसाठी १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले की अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापनेचे काम थांबले पाहिजे. ऐतिहासिक वाहनांसाठी २०१२ मध्ये ट्युरिन सनद मंजूर झाली. आधी जपणूक, मग गरज पडल्यास पुनर्स्थापना, आणि बदललेल्या भागांवर न खुपणारी खूण, असा तिचा रोख. ती कोणावर बंधनकारक नाही. शेडमधल्या माणसाने ती वाचलेली असेलच असेही नाही. तरी वारे फिरले आहे. न बदललेल्या रोलरला आता मान आहे, आणि पूर्वी इंजिन केलेले काही रोलर पुन्हा रोलर केले जात आहेत, कधी कधी पहिल्या बदलापेक्षा जास्त खर्च करून.

डिझेल यंत्रांकडे लोक उशिरा वळले. वाफेवाल्यांना ती यंत्रे वाटतच नव्हती. १९६० च्या दशकात हायड्रॉलिक उत्खनकांनी दोरखंडावर चालणारी यंत्रे मागे टाकली, आणि त्यानंतर वीसेक वर्षांनी २२-आरबी या उत्खनकासारखी केबलची यंत्रे, कॅटरपिलर कंपनीच्या डी-२ सारखे साखळीपट्ट्यावरचे ट्रॅक्टर यांना चाहते मिळू लागले. डी-२ (१९३८ ते १९५७) चे मुख्य इंजिन चालू करायला शेजारी दोन सिलिंडरचे छोटे पेट्रोल इंजिन असते. ते आधी हाताने सुरू करायचे, त्याच्या उष्णतेने मोठे भाऊसाहेब गरम होऊ द्यायचे, मग जोडायचे. हा विधी पाहायला लोक जमतात.

अशी यंत्रे बहुतेक वेळा जाम झालेलीच मिळतात. कारण क्षुल्लक असते: एक्झॉस्टच्या उभ्या नळीवर कोणी डबा पालथा घातला नव्हता. पावसाचे पाणी ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला त्यात उतरते आणि पिस्टन भिंतीला धरतो. घाईत दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. जाणकार सिलिंडरमध्ये पातळ तेल भरून ठेवतात, आठवडेच्या आठवडे थांबतात, मग पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके देतात. गंजलेले सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून कमी दाबाच्या विजेची ऋण बाजू त्यांना जोडतात. त्यात दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये. त्यातून विषारी क्रोमियम सुटते.

रंगाचा वाद इथलाच. कॅटरपिलरची यंत्रे १९३१ च्या अखेरीपर्यंत राखाडी, त्यावर लाल रेघा अशी निघत. पिवळा रंग त्यानंतरचा. तरी १९२० च्या दशकातले यंत्र पिवळेधमक रंगवलेले हटकून दिसते. नवा मालक बिचारा लहानपणी पाहिलेल्या रंगाशी इमान राखतो.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात छंदावर सरकारी नजर पडली ती अपघातामुळे. २९ जुलै २००१ रोजी ओहायोतल्या मेडिना परगण्याच्या जत्रेच्या मैदानावर एका वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनाचा बॉयलर फुटला. पाच जण ठार झाले. बॉयलरमधले पाणी कमी झाले होते आणि भट्टीचे छत, म्हणजे खाली आग आणि वर पाणी असलेला पत्रा, झिजून पातळ झाला होता. या छतात शिसे किंवा कथिल भरलेला एक बूच असतो. पाणी उतरले की तो वितळावा आणि वाफ आगीवर यावी, अशी योजना. पण बुचावर क्षार जमले तर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. यानंतर ओहायोत जुन्या बॉयलरांसाठी स्वतंत्र तपासणी आणि चालकाचा परवाना आला. पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजण्याचा आग्रह इतरत्रही वाढला. जुन्या पिढीला हा जाच वाटला; पत्रा हातोडीने वाजवून ओळखतो, असे म्हणणारे तेव्हाही होते. आवाजाने जाडी मिलिमीटरमध्ये कळत नाही, एवढेच त्यावर उत्तर आहे.

अलीकडची अडचण इंधनाची. इंग्लंडमध्ये घरगुती वापराच्या साध्या दगडी कोळशाची विक्री मे २०२३ पासून बंद झाली. जतन केलेल्या वाफेच्या यंत्रांना त्या बंदीचा फटका थेट बसला नाही, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साउथ वेल्समधली फॉस-इ-फ्रान खाण थांबली आणि कोळसा परदेशातून मागवण्याची वेळ आली. वनस्पतिजन्य भुसा आणि कोळशाची पूड दाबून केलेल्या इंधनाच्या चाचण्या चालू आहेत. त्याची ज्योत, राख आणि धग वेगळी, त्यामुळे आग सांभाळण्याची जुनी सवय जशीच्या तशी चालत नाही. मोठ्या मेळाव्यांपेक्षा वर्षाकाठी दोन-तीन वेळाच इंजिन पेटवणाऱ्या एकट्या मालकाला याची झळ जास्त, कारण तो कोळसा पोत्याने घेतो, जहाजाने नाही.