शिडावरची बुरशी आणि बागेतली भुरी

पावसाळा सरला. शेडमधून होडीचं शीड काढून घडी उलगडली, तर कुबट वासाचा भपकाच आला. पांढऱ्या कापडावर तिळाएवढे काळे ठिपके पडले होते आणि घडीच्या रेषेवर ते सगळ्यात दाट होते. दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेले आप्पा शेजारीच होते. त्यांनी त्यावर बोट फिरवलं. "भुरी आली की रे! गंधक मार."

भुरी म्हणजे द्राक्षवेलीवर पिठासारखी पसरणारी बुरशी. नाशकात कुठलीही बुरशी पाहून भुरी आठवणारच. पण हिची जात वेगळी. द्राक्षावरची भुरी फक्त जिवंत वेलीच्या पेशींतून अन्न शोषते. शिडावर सहसा क्लॅडोस्पोरियम, अॅस्परजिलस अशा निर्जीव पदार्थांवर जगणाऱ्या बुरशी वाढतात. त्यांचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात.

पण शिडात त्यांना खायला काय मिळतं? आजचं साधं शीड डेक्रॉनचं, म्हणजे पॉलिएस्टरचं. टेरिकॉटच्या पँटमध्ये सुतासोबत असतो तोच धागा. तो बुरशीला पचत नाही. पूर्वीच्या सुती शिडांतलं सेल्युलोज ती खायची आणि कापड कुजायचं. डेक्रॉनवर ती धूळ, घाम, परागकण आणि पक्ष्यांची शीट खाते. म्हणून पहिला उपाय साधाच: सौम्य साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश. कोरडे ठिपके घासू नका, बीजाणू उडून नाकात जातात.

एवढं करूनही डाग राहिले, तर बुरशी जिवंत आहे असं समजू नका. काळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो. बुरशी मरते, मेलॅनिन धाग्यात तसंच राहतं. ते फिकं करायला सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरातलं ब्लीच चालतं. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी. आधी कोपऱ्यावर लावून बघायचं आणि शेवटी भरपूर पाण्यानं खळबळून काढायचं.

पण कापड ओळखल्याशिवाय बाटली उघडू नका. पुढचं फुगीर स्पिनेकर शीड नायलॉनचं असतं आणि शर्यतीच्या काही शिडांत केव्हलारचे धागे असतात. दोन्हींच्या रेणूंची साखळी अमाइड बंधांनी जोडलेली असते. ब्लीच नेमकं त्यांवर घाव घालतं आणि कापड कमकुवत होतं. थर चिकटवून केलेल्या शिडात बुरशी दोन थरांच्या मध्ये शिरली, तर तिथवर ब्रशही पोचत नाही. आणि ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अॅसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. हे कळकळीनं सांगतोय.

धुतलेलं शीड आम्ही सावलीत, वाऱ्यावर टांगलं. कडक उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिएस्टर हळूहळू ठिसूळ होतं. संध्याकाळी कापड कोरडं वाटलं, घडी घालायला घेतली. आप्पांनी शिवणीची दुहेरी पट्टी गालाला लावली. गार लागली. आतलं पाणी उडताना उष्णता ओढून घेत होतं, म्हणजे ओल होतीच. शीड आणखी एक रात्र दोरीवर राहिलं.