भूत जोलोकियाच्या जागी कोणती मिरची? : पार्श्वभूमी

नागालँडचं भूत जोलोकिया आणि बांबूचे कोंब घातलेलं डुकराचं मांस, जमैकाचं जर्क चिकन, मेक्सिकोतल्या युकातानचा हबानेरो मिरचीचा साल्सा. हे पदार्थ हल्ली मराठी घरांत हौसेने करून बघितले जातात आणि तिन्ही एकाच जागी अडतात. सांगितलेली मिरची मंडईत मिळत नाही. मग माणूस तिचा स्कोव्हिल आकडा, म्हणजे तिखटपणाचं माप, शोधतो, आपल्या लवंगीचा किंवा तेजाचा आकडा शोधतो, भागाकार करतो आणि तेवढ्या पट मिरची घालतो. पदार्थ बिघडतो. बिघडण्याचं कारण हाताला नसतं, हिशोबाला असतं आणि तो हिशोब कुठून आला हे समजून घ्यायला फार मागे जावं लागत नाही. खरी गोष्ट गेल्या पंचवीस वर्षांतली आहे.

त्याआधीचं थोडक्यात. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर मिरची गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा इथल्या स्वयंपाकात तिखटाचं काम मिरी, पिंपळी, आलं आणि मोहरी करत होती. मिरची त्यांच्या जागी घुसली. नावही तिने मिरीवरूनच घेतलं. जिभेने तिला इतक्या सहज स्वीकारलं यामागे शरीरशास्त्रही आहे. मिरीतलं पायपरिन आणि मिरचीतलं कॅप्सेसिन, दोन्ही जिभेवरच्या एकाच ग्राहीला (रिसेप्टरला) डिवचतात. तोच ग्राही उष्णतेनेही जागा होतो, म्हणून तिखट खाल्ल्यावर आपण ‘तोंड पोळलं’ म्हणतो. म्हणजे आपल्याकडे मिरची आली तीच मुळी बदली म्हणून.

आकडा आला १९१२ मध्ये. अमेरिकेतल्या विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाला दुखऱ्या अंगावर चोळायच्या मलमासाठी मिरचीचा जहालपणा मोजायचा होता. त्याने वाळक्या मिरचीचा मद्यार्कात उतरवलेला अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला आणि पाच जणांना चाखायला दिला. बहुतेकांना तिखट लागेनासं होईपर्यंत जितक्या पट पातळ करावं लागलं, तो आकडा. पुढे यंत्राने थेट कॅप्सेसिन मोजता येऊ लागलं, पण एकक त्याच्याच नावाचं राहिलं. यातला एक शब्द आजही सगळ्यांच्या नजरेतून सुटतो, तो म्हणजे ‘वाळक्या’. हा आकडा कोरड्या वजनावरचा आहे. ताज्या मिरचीत नऊ-दशांशाच्या आसपास पाणी असतं.

हे एकदा मांडूनच बघावं. भूत जोलोकियाचा आकडा दहा लाख धरू, तेजाच्या वाळक्या मिरचीचा ७५ हजार ते एक लाख. भोळा भागाकार सांगतो की दहा पट तेजा घाला. सात ग्रॅमच्या एका ताज्या भूत मिरचीसाठी सत्तर ग्रॅम तिखट! प्रत्यक्षात त्या सात ग्रॅमांत कोरडा ऐवज जेमतेम पाऊण ग्रॅम, म्हणजे बरोबरीला तेजाचं तिखट लागेल सात ते नऊ ग्रॅम, साधारण तीन चहाचे चमचे. तरीही हा मेळ फसवाच. पांढुरक्या रश्शाचं मांस लालभडक होतं, तिखटाचा कच्चट वास येतो आणि मूळ पदार्थाला जो गंध असायचा त्याचा पत्ताच नसतो.

आता २००० सालाकडे. तेजपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेने त्या वर्षी ईशान्येतल्या एका मिरचीचा, म्हणजेच भूत जोलोकियाचा, आकडा जाहीर केला, ८,५५,०००. तोवर विक्रम होता कॅलिफोर्नियातल्या एका हबानेरोचा, ५,७७,०००. परदेशात या दाव्याबद्दल शंका घेतली गेली. मग न्यू मेक्सिकोतल्या एका विद्यापीठाने बी मिळवलं, रोपं वाढवली. फळं कमी धरत असल्याने पुरेसं बी जमवण्यातच काही वर्षं गेली. २००५ च्या लागवडीतून आकडा निघाला १०,०१,३०४. दहा लाखांचा उंबरठा ओलांडल्याचं जगाने मान्य केलं आणि २००७ च्या सुरुवातीला विक्रमाची नोंद झाली.

सगळ्या बातम्या या आकड्याच्या झाल्या. माझ्या मते त्याहून कितीतरी महत्त्वाचा वाद त्याच काळात, जवळजवळ कुणाच्या नकळत, मिटत होता. ही मिरची कोणत्या जातीची?

लागवडीतल्या मिरचीच्या पाच जाती आहेत. आपली ज्वाला, ब्याडगी, संकेश्वरी, ढोबळी या सगळ्या अ‍ॅन्युअम या जातीत बसतात. केरळची कांथारी आणि सॉसमुळे ठाऊक असलेली टॅबॅस्को या फ्रूटेसेन्स, छोट्या, आभाळाकडे तोंड करून येणाऱ्या. हबानेरो आणि जर्क चिकनमधली स्कॉच बॉनेट या चिनेन्स. हे चिनेन्स नावच चुकून पडलेलं आहे. १७७६ मध्ये एका युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाला ही मिरची चीनची वाटली. तिचं मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ‘चिनी मिरची’ म्हणून कुणी हबानेरोच्या पाककृतीत शेझवान चटणीतली मिरची सुचवली, तर त्या गोंधळाची मुळं अशी अडीचशे वर्षांची आहेत.

तेजपूरच्या २००० च्या अहवालात ईशान्येतल्या मिरचीची नोंद फ्रूटेसेन्स अशी झाली. २००७ मध्ये जनुकीय तपासणीतून निष्कर्ष आला की ती चिनेन्स आहे, मात्र तिच्यात फ्रूटेसेन्सचा थोडा अंश मिसळलेला आहे. वनस्पतिशास्त्रात एका शब्दाचा फरक, स्वयंपाकघरात सगळा. पहिली नोंद धरली तर बदली मिरची ठरते कांथारी किंवा तशीच बारीक बर्ड्स आय. दुसरी धरली तर ठरते हबानेरो किंवा स्कॉच बॉनेट. चिनेन्सचा गंध फळाचा असतो. कच्च्या जर्दाळूचा, मोसंबीच्या सालीचा, किंचित फुलांचा. फ्रूटेसेन्सकडे जहालपणा मुबलक, पण हा गंध नाही. पहिली नोंद पुढे उतरवून घेतली जात राहिली आणि निष्कर्ष आल्यानंतरही पर्यायांच्या याद्यांमधून बर्ड्स आय हलली नाही. मी दुसऱ्या निष्कर्षाच्या बाजूने आहे आणि त्याला प्रयोगशाळेपेक्षा नाकाचा आधार जास्त आहे.

ती मिरची मी पहिल्यांदा कापली पुण्यात, एका नागा मैत्रिणीच्या भाड्याच्या खोलीतल्या ओट्यावर. बोटाच्या दोन पेरांएवढी, सुरकुतलेली, साल पातळ आणि खरखरीत. सुरी लागताच खोलीभर पिकल्या फळाचा वास सुटला, ठसका नंतर आला. तिने मला आतली बाजू उजेडात धरून दाखवली. बियांना धरून ठेवणारा पांढरा गाभा तर ओला होताच, पण सालीच्या आतल्या भिंतीवरही बारीक पिवळसर थेंब चमकत होते. अर्धा किलो मांसाला तिने एकच मिरची घेतली, उकळत्या पातेल्यात अख्खी सोडली आणि थोड्या वेळाने डावाने बाहेर काढून बाजूला ठेवली. ज्याला हवी त्याने ताटात कुस्करून घ्यायची.

त्या थेंबांचा उलगडा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने केला. साध्या मिरचीत कॅप्सेसिन पांढऱ्या गाभ्यात तयार होतं. बियांत नाही, बियांना ते फक्त लागलेलं असतं. अतितिखट मिरच्यांमध्ये मात्र ते साठवणाऱ्या पिशव्या सालीच्या आतल्या भिंतीवरही असतात. म्हणून ‘बिया आणि शिरा काढल्या की सौम्य होते’ हा आपल्या आयांचा सल्ला ज्वालेला लागू पडतो, भूतला नाही. आणि म्हणूनच हबानेरो तिच्या जागी वापरताना गाभा काढून टाकायचा नाही.

नावाचंही सांगायला हवं. आसामीत जोलोकिया म्हणजेच मिरची, त्यामुळे आपण ‘भूत जोलोकिया मिरची’ म्हणतो तेव्हा मिरची दोनदा म्हणतो. पहिल्या शब्दाचं एक स्पष्टीकरण असं की तो मुळात ‘भोट’ आहे, भूतानकडच्या डोंगराळ भागातली ती. भूत या अर्थावरून इंग्रजीत ‘घोस्ट पेपर’ झालं आणि तेच जगभर गेलं. मणिपूरमध्ये ती उमोरोक, नागालँडमध्ये राजा मिरचा, वरच्या आसामात बिह जोलोकिया, म्हणजे विषाची मिरची. बांगलादेशात सिल्हेटकडे नागा मोरिच. २००८ मध्ये भौगोलिक मानांकन नागालँडच्या नावे झालं, ‘नागा मिरचा’ म्हणून. आसाम आणि मणिपुरातही ती पिढ्यान्‌पिढ्या पिकते, त्यामुळे कुणाची ती, हा प्रश्न त्याने सुटला नाही. पण मला बोचतं ते वेगळंच. जिथे ही मिरची घरच्या जेवणातली होती तिथल्या नावांत तिचा मान आहे, धाक आहे. बाहेर गेली ती भूत होऊन, पैजेचा आणि घाबरवण्याचा माल म्हणून. जी वस्तू पैजेसाठी खायची तिला बदली शोधताना कुणी वासाचा विचार कशाला करेल?

पुढची दहा-पंधरा वर्षं तशीच गेली. २०११ च्या पहिल्या काही महिन्यांतच विक्रम तीनदा हातोहात फिरला. २०१३ मध्ये कॅरोलिना रीपर, १५,६९,३००. २०२३ मध्ये पेपर एक्स, २६,९३,०००. ही शेवटची जाहीर झाली तेव्हा तिचं बीसुद्धा विकायला नव्हतं, तेव्हा तिच्या नावाने कुणी पाककृती दिली तर त्यात दुसरीच मिरची असणार हे उघड आहे. मधल्या काळात ईशान्येतल्या त्याच मिरचीचे हातगोळे बनवून झाले, हत्ती शेतात येऊ नयेत म्हणून कुंपणांना तिचा लेप लावून झाला. २०२१ च्या जुलैत राजा मिरचाची ताजी फळं गुवाहाटीमार्गे लंडनला निर्यात झाली, ती मात्र खाण्यासाठी.

बदलीचं शहाणपण आपल्याकडे या सगळ्याच्या आधीपासून आहे, फक्त ते या प्रश्नाला कुणी लावलं नाही. कोल्हापूरकडे चटणी करताना, म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला, कुठलंही घर एका मिरचीवर विसंबत नाही. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी किंवा तेजा. गडहिंग्लजच्या बाजारात जवारी संकेश्वरी कमी आली किंवा हाताबाहेर महागली, की ‘तिच्यासारखी दुसरी’ शोधायला कुणी जात नाही. ब्याडगीचं माप थोडं वाढतं, तेजाचं बेताने वाढतं, खोबरं आणि धणे जरा जास्त खरपूस भाजले जातात आणि डंकावर कुटून आणलेली चटणी घरच्यासारखी लागते. काम तीन भागांत वाटून दिलेलं असतं.

राजा मिरचालाही हेच लागू करून बघितलं आहे. हबानेरो मिळाली तर प्रश्न नाही, एकीच्या जागी दोन-तीन घ्यायच्या. नाही मिळाली तर सिक्कीम-दार्जिलिंगकडची गोल दल्ले खुर्सानी व्हिनेगरमध्ये किंवा मिठाच्या पाण्यात मुरवलेली बाटलीतून मिळते. तिची आंबट बाजू सांभाळली, म्हणजे बांबूच्या आंबवलेल्या कोंबाचं माप कमी केलं, की ती चालते. तीही नसेल तर तिखटाला ताजी लवंगी, ठेचलेली, आणि फळाच्या वासाला केशरी ढोबळी मिरचीचा बारीक चिरलेला तुकडा, शेवटच्या पाच मिनिटांत घातलेला. हे राजा मिरचाच्या जवळपास जातं, ती होत नाही. वाळवून दळलेली भूत पूड सहज मिळते, पण तिच्यातून नेमका तो फळाचा गंधच उडालेला असतो, तेव्हा ती तेजाच्या ओळीत बसवावी.

सगळ्यात उपयोगी ठरलं ते मैत्रिणीने गावाहून आणलेलं लोणचं, मोहरीच्या तेलात बुडवलेल्या चार मिरच्यांचं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिरच्या तशाच तळाशी राहिल्या आणि वरचं तेल आम्ही पाच महिने अर्ध्या-अर्ध्या चमच्याने वापरलं.