अणुहल्ला आणि नागरी सज्जता (बडोदे)

अणुबॉम्ब फुटला तर सामान्य माणसाने जीव कसा वाचवावा, शासनाने त्यासाठी आधीपासून काय तयारी ठेवावी आणि लोकांना काय शिकवून ठेवावे, या सगळ्याला मिळून अणुहल्ल्यासंबंधीची नागरी सज्जता म्हणतात. भारतात हा विषय स्वतंत्र घर करून कधी राहिला नाही. विमानातून पडणाऱ्या साध्या बॉम्बपासून बचाव करण्याची जी जुनी व्यवस्था होती, तिच्याच ओसरीवर तो पथारी टाकून बसला. बडोद्यात हे फार स्पष्ट दिसते. शहराला ब्लॅकआउट ठाऊक आहे, भोंगा ठाऊक आहे. मात्र स्फोटानंतरचे दोन दिवस घरात कुठे बसून काढायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

या व्यवस्थेचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४१ च्या सुमारास जपानच्या भीतीने ब्रिटिश सरकारने भारतातील शहरांत हवाई हल्ला बचाव पथके उभारली. युद्ध संपले तशी तीही विरली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर नागरी संरक्षणाचे स्वतंत्र महासंचालनालय झाले आणि १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा आला. त्याच्या आधीच, १९५७ मध्ये, नागपुरात आपत्कालीन मदतीचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था सुरू झाली होती. पुढे तिचे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले आणि किरणोत्साराशी कसे वागावे याचे धडे देशभरातले प्रशिक्षक तिथेच घेऊ लागले. जिल्हाधिकारी हा नियंत्रक, त्याच्या हाताखाली वॉर्डन, अग्निशमन, बचाव, प्रथमोपचार अशा बारा सेवा, आणि काम करणारे बहुतेक स्वयंसेवक, अशी ही रचना आहे. २००९ च्या दुरुस्तीने पूर आणि भूकंपही तिच्या कक्षेत आले.

बडोद्यात युद्धाची आठवण काढली की ती डिसेंबर १९७१ ची निघते. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी भारतीय विमानतळांवर हल्ले केले, पुढच्या दिवसांत भूज आणि जामनगरवर बॉम्ब पडले, आणि गुजरातेतली शहरे अंधारात बुडाली. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या मराठी घरांत तो अंधार कसा साधायचा, हे घरातल्या बायकांनाच जास्त नीट ठाऊक होते. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, खाकी कागद खिडकीच्या तावदानाच्या मापाचा कापायचा, खळ लावून काचेवर डकवायचा आणि कडेला फट राहिली तर तिथे जुने वर्तमानपत्र खुपसायचे. दिव्याला कागदाची टोपी. मोटारीच्या दिव्याची वरची अर्धी काच काळी. गल्लीतून वॉर्डनची शिट्टी आली की ज्याच्या घरात उजेड दिसे, त्याचा उद्धार शेजारीच करत.

हे सगळे वैमानिकाच्या डोळ्यांना चकवण्यासाठी होते. १९७१ मध्ये त्याला अर्थ होता, कारण रात्री शहर ओळखायचे ते दिव्यांवरून. क्षेपणास्त्राला दिवे बघावे लागत नाहीत, आणि अणुबॉम्ब टाकणाऱ्याला अचूक गल्लीही लागत नाही. म्हणजे नागरिकांच्या अंगवळणी पडलेले एकुलते एक कवच नेमके याच हल्ल्यात निरुपयोगी ठरते. तरी ब्लॅकआउटला मोडीत काढू नये. घरातल्या सगळ्यांना एका सूचनेवर एकाच वेळी एकच गोष्ट करायला लावणे ही सवय आहे, आणि ती पुढेही उपयोगी पडेल.

इतर देशांनी हिरोशिमानंतर (६ ऑगस्ट १९४५) विचार बदलला. अमेरिकेत १९५० च्या दशकात शाळकरी मुलांना बाकाखाली दडून मान झाकायला शिकवत. त्याची पुढे बरीच थट्टा झाली, पण थट्टा करणाऱ्यांनी हिरोशिमातल्या काचांच्या जखमा पाहिल्या नव्हत्या. स्वित्झर्लंडने १९६३ च्या कायद्याने प्रत्येक रहिवाशासाठी आश्रयाची जागा बंधनकारक केली. आज तिथे लोकसंख्येहून जास्त जागा तळघरांत तयार आहेत. फिनलंडमध्ये सुमारे ५०,५०० आश्रयस्थाने आहेत. भारताने १९७४ आणि १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या केल्या, मे १९९८ मध्येच पाकिस्ताननेही केल्या. पण घरोघरी आश्रयाचा विचार आपल्याकडे झाला नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने अणु आणि किरणोत्सारी आपत्तींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली ती २००९ मध्ये. ती वाचायची कोणी, तर अधिकाऱ्यांनी.

स्फोटाचे तीन घाव असतात आणि ते एकदम येत नाहीत. आधी प्रकाश आणि उष्णता, मग धक्का, आणि शेवटी राख. प्रकाश क्षणात पोचतो, धक्का मागून येतो: पाच किलोमीटरवरच्या माणसाला मध्ये साधारण बारा-चौदा सेकंद मिळतात. डोळे दिपवणारा लखलखाट दिसला की खिडकीशी काय झाले ते बघायला जायचे नाही. जमिनीवर पालथे पडायचे, काचेकडे पाठ करायची आणि मान हातांनी झाकायची. हिरोशिमात अनेकांना जायबंदी केले ते फुटलेल्या तावदानांनी. केंद्रापासून सुमारे १७० मीटरवर एका काँक्रीटच्या इमारतीच्या तळघरात कागद आणायला उतरलेला एक कर्मचारी वाचला आणि पुढे १९८२ पर्यंत जगला. वर असलेले त्याचे सहकारी वाचले नाहीत.

तिसरा घाव, किरणोत्सारी राख, लोकांच्या कल्पनेत सर्वांत धूसर आहे आणि सज्जतेचा फायदा सर्वांत जास्त तिथेच होतो. हिरोशिमाचा बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, म्हणून तिथे स्थानिक राख तुलनेने कमी पडली. जमिनीलगत फुटला तर माती-विटांचा चुरा वर ओढला जातो, किरणोत्सारी होतो आणि वाऱ्याच्या दिशेने मैलोगणती खाली पडतो. हा चुरा वाळूसारखा, राखेसारखा असतो आणि दाट पडला तर डोळ्यांना दिसतोही. तो फार काळ जोरात राहत नाही. ढोबळ हिशेब असा: वेळ सातपट झाली की तीव्रता दहावा भाग उरते. तासाभराने १००० मानली तर सात तासांनी १००, दोन दिवसांनी १०, दोन आठवड्यांनी १. पहिले चोवीस तास तरी जाड भिंतींच्या आत काढणे आणि शक्य तर अठ्ठेचाळीस, हा सल्ला या आकड्यांतून निघतो. गाडी काढून पळायला निघणारा माणूस नेमक्या वाईट तासांत पत्र्याच्या डब्यात बसलेला असतो.

मग बडोद्यात आत म्हणजे कुठे? दाबलेली माती ९ सेंटीमीटर जाड असेल तर राखेतून येणारे गॅमा किरण निम्मे होतात, काँक्रीटला ६ सेंटीमीटर पुरतात. जुन्या वाड्याची दीड फुटी विटांची भिंत मातीच्या हिशेबाने पाच वेळा निम्मे करते, म्हणजे बत्तिसावा भाग. पोळांमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्ल्यांमध्ये, घरे एकमेकांना खेटून असल्यामुळे रस्त्यावरच्या राखेचे किरण शेजाऱ्याच्या घराआडून अडत येतात, हा आणखी एक फायदा. पण ही वाड्याची तारीफ अर्धीच खरी. राख वरून पडते आणि छपरावर बसते. कौल आणि पत्रा तिला जवळजवळ अडवतच नाहीत. शिवाय मधला चौक आकाशाला उघडा. म्हणून जागा माजघराची किंवा जिन्याखालच्या कोठीची, तळमजल्याची, आणि चौकाला लागून नसलेली. माडी नको, अगाशी म्हणजे गच्ची तर नकोच. दुसरी गोष्ट लाकडाची. कोरीव खांब, सज्जे, लाकडी जिने ही बडोद्याच्या जुन्या घरांची शोभा आहे आणि आगीच्या दृष्टीने तेवढेच सरपण. केंद्राच्या जवळ असाल तर वाडा सोडावा लागेल, लांब असाल तर वाड्यासारखे दुसरे नाही. हा निर्णय धूर बघून घ्यायचा.

नव्या सोसायट्यांत उत्तर सोपे वाटते: बेसमेंटचे पार्किंग. डोक्यावर काँक्रीटचे चार-पाच स्लॅब, चहूकडे माती. स्विस माणसाला हेवा वाटावा. मात्र बडोद्यात बेसमेंटचा अनुभव विश्वामित्रीने दिलेला आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात या तळघरांत पाणी भरले, गाड्या गेल्या, आणि सखल भागातल्या कित्येक रहिवाशांच्या मनात बेसमेंट म्हणजे पंप लावायची जागा एवढाच अर्थ उरला. पावसाळ्यात हल्ला झाला तर तिथे दोन दिवस राहता येईल की नाही, हे सोसायटीनिहाय वेगळे आहे. नदीकाठच्या इमारतीत मधल्या मजल्यावरची, बाहेरच्या भिंतीपासून आतली खोली बरी.

पाण्याचा प्रश्नही शहराच्या इतिहासात गुंतलेला आहे. महाराजा सयाजीरावांनी बांधलेले आजवा सरोवर उघडे आहे. त्यावर पडलेली राख पाण्यात जाणार. मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरी मात्र वाळूच्या थरांतून झिरपलेले पाणी उचलतात आणि वाळू कण गाळून टाकते. खोल बोअरचे पाणीही सुरक्षित. अगाशीवरच्या टाकीचे झाकण घट्ट असेल तर आतले पाणी वापरता येते, आणि हे झाकण किती टाक्यांवर असते ते कुठल्याही अगाशीवर उभे राहून मोजावे. बरणीतले लोणचे, डब्यातले पीठ, फ्रीजमधले दूध चालते. पाणी किंवा अन्न राखेच्या नुसत्या सान्निध्याने किरणोत्सारी होत नाही. राखेचा कण पोटात जाणे वाईट.

बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दाराशीच काढून पिशवीत बांधून लांब ठेवले की अंगावरची बहुतेक राख निघून जाते. मग साबणाने आंघोळ, पण कातडी घासून काढायची नाही. केसांना कंडिशनर लावू नये, तो कण धरून ठेवतो. आयोडीनच्या गोळ्यांविषयी मात्र गैरसमज दाट आहेत: त्या फक्त गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात, बाकी किरणांवर त्यांचा काही इलाज नाही. जेवणातले आयोडीनयुक्त मीठ त्यांची जागा घेत नाही.

मे २०२५ मध्ये गृहमंत्रालयाने देशभरातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव जाहीर केला, तेव्हा बडोदे पहिल्या, म्हणजे सर्वांत संवेदनशील श्रेणीत होते, अहमदाबाद दुसऱ्या. कोयलीची रिफायनरी आणि भोवतालचे रासायनिक कारखाने पाहता कारण शोधत बसायला नको. ७ मे रोजी पहाटे ऑपरेशन सिंदूर झाले आणि त्याच संध्याकाळी शहरात भोंगे वाजले, दिवे मालवले. पन्नाशीच्या आतल्या लोकांनी हे पहिल्यांदाच पाहिले. खाकी कागद कुणाला लागला नाही, मेन स्विच पाडला की काम झाले. इन्व्हर्टर बंद करायला विसरलेली घरे तेवढी उजळून राहिली.

शहराची दुसरी जमेची बाजू तीसेक किलोमीटरवर आहे. जरोद येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या सहाव्या बटालियनचा तळ आहे, आणि किरणोत्सारी, जैविक व रासायनिक आपत्तीत उतरण्याचे प्रशिक्षण या दलाला असते. त्यांच्याकडे किरणोत्सार मोजणारी यंत्रे आहेत. पण ती टोळी येईपर्यंतचे तास नागरिकाचे स्वतःचे असतात.

बडोद्याच्या परिसरात अणुशक्तीचे नाव जोडलेली एक जागा आहे, खत कारखान्याला लागून १९७७ मध्ये सुरू झालेला जड पाण्याचा प्रकल्प, आणि तिच्याभोवती भीतीही आहे. जड पाणी म्हणजे काही अणुभट्ट्यांत वापरतात ते खास पाणी, आणि ते स्वतः किरणोत्सारी नसते. तिथली काळजी खत कारखान्यातल्या अमोनिया या विषारी वायूची. खरी अणुभट्टी दक्षिणेला, तापी जिल्ह्यात काकरापारला आहे. अणुभट्ट्यांभोवती १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजनाचे क्षेत्र धरतात, आणि बडोदे त्याच्या खूप बाहेर पडते. शिवाय भारत आणि पाकिस्तान यांच्यात ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार झाला. तो १९९१ मध्ये अमलात आला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या प्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात. युद्धे आणि तणाव आले-गेले, यादी देणे चुकलेले नाही. शहरांवर हल्ला न करण्याचा मात्र असा करार नाही.

सरावात लोकांना शिकवलेले भोंग्याचे दोन आवाज आहेत: खाली-वर होणारा दोन मिनिटांचा म्हणजे धोका, आणि एका सुरात चालणारा दोन मिनिटांचा म्हणजे धोका टळला. दुसरा आवाज विमाने परत फिरल्याची खूण म्हणून ठरला. राख पडत असताना बाहेर पडायचे की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी सेलवर चालणारा रेडिओ लागतो, किंवा मोबाइलवर जोरात वाजणारा तो सरकारी संदेश, ज्याची देशभर चाचणी २०२३ मध्ये झाली तेव्हा बऱ्याच जणांनी घाबरून फोन बंद केला होता.