छोट्या सैन्याला चिलखती गाड्या कशा मिळतात: पात्रता, अर्ज, कागदपत्रं आणि क्रोएशियाची ब्रॅडली

२०२२ मध्ये क्रोएशियाने अमेरिकेकडून ८९ ब्रॅडली चिलखती वाहनं घेण्याच्या करारपत्रावर सही केली. त्यातली ६२ तुकड्यांमध्ये वापरायची, ५ प्रशिक्षणासाठी, आणि उरलेल्या २२ गाड्या फक्त सुटे भाग काढून घेण्यासाठी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला प्रश्न पडला, जवळपास पाव हिस्सा गाड्या उघडून टाकण्यासाठी कशाला घ्यायच्या? मग अशा खरेदीचे कागद कसे हलतात ते नीट पाहिलं, आणि पटलं की या व्यवहारातला सगळ्यात शहाणपणाचा आकडा हा २२ आहे.

क्रोएशियाची लोकसंख्या ३९ लाखांच्या आत, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. युगोस्लाव्हियाच्या काळातली एम-८० वाहनं जुनी झाली होती. एवढ्या देशाने स्वतःचं नवं लढाऊ वाहन आखायचं, चाचण्या घ्यायच्या आणि शे-दीडशे नगांसाठी कारखाना उभा करायचा, हे हिशेबात बसत नाही. भागीदार शोधावाच लागतो. २००९ पासून नाटोचा सदस्य असलेल्या क्रोएशियाने या वेळी अमेरिकेची वाट धरली. ती वाट कशी जाते, कोण पात्र ठरतं आणि कुठला कागद कुठे लागतो, ते इथे सांगतो.

ही योजना नेमकी काय आहे

तिचं नाव फॉरेन मिलिटरी सेल्स, रोजच्या बोलण्यात एफएमएस. आपल्याला ती अनोळखी नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये नाशिकजवळ देवळालीला एम-७७७ तोफा आपल्या लष्करात दाखल झाल्या, त्या याच वाटेने आल्या. भारताने १४५ तोफांच्या करारपत्रावर नोव्हेंबर २०१६ मध्ये सही केली होती.

एफएमएसमध्ये विक्रेता म्हणून कंपनी समोर नसते, अमेरिकी सरकार असतं. खरेदीदार देश सरकारशी करार करतो, आणि सरकार एकतर आपल्या साठ्यातून माल देतं किंवा कंपनीकडून घेऊन पुढे पाठवतं. कंपनीकडून थेट खरेदी करायची दुसरी वाटही आहे. तिथे कंपनीला अमेरिकी परराष्ट्र खात्याकडून निर्यात परवाना काढावा लागतो आणि भावताव खरेदीदारालाच करावा लागतो. ज्या सैन्याकडे किंमत पारखणारे तज्ज्ञ, वकील आणि गुणवत्ता तपासणारी माणसं मोजकीच आहेत, त्याला सरकारी वाट सोयीची पडते, कारण ही कामं अमेरिकी लष्कराची खरेदी यंत्रणा करते.

पात्रता

मूळ कायदा १९७६ चा, आर्म्स एक्स्पोर्ट कंट्रोल ॲक्ट. त्याप्रमाणे कुठल्या देशाला विकायचं हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ठरवतात. त्या देशाला शस्त्रं दिल्याने अमेरिकेची सुरक्षितता आणि जागतिक शांतता बळकट होते, असा निर्णय नोंदवावा लागतो. नाटोचं सदस्यत्व ही अट नाही, भारत सदस्य नाहीच.

खरेदीदार देशाला तीन वचनं लेखी द्यावी लागतात. घेतलेला माल ठरलेल्या कामासाठीच वापरायचा, म्हणजे स्वसंरक्षण, अंतर्गत सुरक्षा, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमा अशा गोष्टींसाठी. अमेरिकेच्या परवानगीशिवाय तो तिसऱ्याला विकायचा नाही, द्यायचा नाही, वापरायलाही द्यायचा नाही. आणि अमेरिका स्वतः जितकी राखण करते तितकीच राखण करायची. यातलं दुसरं वचन पुढे अनेक वर्षं हात बांधून ठेवतं. वीस वर्षांनी गाडी जुनी झाली आणि शेजारच्या देशाला द्यावीशी वाटली, तरी आधी वॉशिंग्टनला पत्र लिहावं लागतं.

पैसा अमेरिकी मदतनिधीतून येणार असेल, तर आणखी एक चाळणी लागते. मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन केल्याची विश्वासार्ह माहिती ज्या तुकडीविरुद्ध आहे, तिला लेही कायद्याप्रमाणे मदत देता येत नाही.

अर्ज: विनंतीपत्र

अर्जाला ‘लेटर ऑफ रिक्वेस्ट’ म्हणतात. याचा छापील नमुना नाही. साधं पत्र चालतं, ई-मेल चालतो, मात्र पाठवणारा त्या देशाचा अधिकृत प्रतिनिधी हवा. पत्र त्या देशातल्या अमेरिकी दूतावासातील संरक्षण सहकार्य कार्यालयात द्यायचं किंवा थेट संबंधित दलाच्या यंत्रणेकडे. चिलखती गाड्यांसाठी ही यंत्रणा म्हणजे अलाबामातल्या रेडस्टोन आर्सेनल इथली अमेरिकी लष्कराची सिक्युरिटी असिस्टन्स कमांड.

घोडं पेंड खातं ते इथेच. नमुना नाही म्हणून काहीही लिहून भागत नाही. ‘आम्हाला ६० चिलखती वाहनं हवीत, किंमत कळवावी’ एवढंच लिहिलं, तर उत्तरात प्रश्नांची यादी येते आणि महिने जातात. नीट लिहिलेल्या पत्रात वाहनाचा नेमका प्रकार आणि नग असतात, कुठल्या कामासाठी हवीत ते असतं, कधीपर्यंत आणि कुठल्या बंदरात हवीत ते असतं, आणि पैसा स्वतःचा की मदतीचा हेही असतं. त्याच्या पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या एक-दोन वर्षांचे सुटे भाग, खास हत्यारं, दुरुस्तीच्या पुस्तिका, चालक, तोफची आणि मेकॅनिक यांचं प्रशिक्षण, दारूगोळा, वायरलेस संच, अडकलेली गाडी ओढून काढणारं वाहन. अमेरिकी यंत्रणा याला ‘टोटल पॅकेज’ म्हणते आणि स्वतःहून त्याचा आग्रह धरते.

ब्रॅडलीचं वजन तीस टनांच्या आसपास. पत्र लिहिण्याआधी आपले पूल, आपले ट्रेलर, रेल्वेचे वाघिणी-डबे आणि वर्कशॉपची क्रेन हे वजन पेलतात का, हे बघणं खरेदीदाराचंच काम. हे विनंतीपत्रात विचारलं जात नाही, पण पत्रातली निम्मी यादी याच उत्तरांवर ठरते.

अजून निर्णय झालेला नसेल, तर नुसता किमतीचा आणि उपलब्धतेचा अंदाज मागवता येतो. तो ढोबळ असतो, कुणावर बंधनकारक नसतो. त्याच्या भरवशावर संसदेत अंतिम तरतूद मागू नये.

मंजुरी आणि आकड्यांचा घोळ

विनंती परराष्ट्र खात्याकडे आणि संरक्षण सहकार्य यंत्रणेकडे जाते. किंमत ठरलेल्या मर्यादेपलीकडे असेल, तर अमेरिकी संसदेला, म्हणजे काँग्रेसला, औपचारिक सूचना द्यावी लागते. नाटो देशांसाठी ही मुदत १५ दिवसांची, बहुतेक इतरांसाठी ३० दिवसांची. या मुदतीत काँग्रेसने विक्री अडवली नाही, तर पुढचा कागद निघतो.

बातम्या गोंधळतात त्या या टप्प्यावर. डिसेंबर २०२० मध्ये काँग्रेसला कळवलं गेलं, ते ७६ ब्रॅडली आणि सोबतची शस्त्रं, क्षेपणास्त्रं, प्रशिक्षण असं मिळून ७५.७ कोटी डॉलर. प्रत्यक्षात २०२२ मधला करार झाला सुमारे १४.५ कोटी डॉलरचा, आणि त्यातले ५.१ कोटींच्या आसपास अमेरिकेने मदत म्हणून सोसले. सूचनेतला आकडा ही वरची मर्यादा असते. अंतिम किंमत गरज, तिजोरी आणि सही झालेल्या करारावर ठरते. अभ्यास करणाऱ्यांनी हे दोन आकडे कधीही एकमेकांच्या जागी लिहू नयेत.

करारपत्र कसं वाचायचं

हाती येणारा कागद म्हणजे ‘लेटर ऑफ ऑफर अँड ॲक्सेप्टन्स’, थोडक्यात एलओए. पहिल्याच पानावर एक ओळखक्रमांक असतो. आधी देशाची दोन अक्षरं, मग कुठलं दल प्रकरण हाताळतंय त्याचं एक अक्षर, मग त्या प्रकरणाची तीन अक्षरं. मधलं अक्षर ‘बी’ असेल तर अमेरिकी लष्कर, ‘पी’ असेल तर नौदल, ‘डी’ असेल तर हवाई दल. पुढची अनेक वर्षं प्रत्येक खोक्यावर, प्रत्येक बिलावर हाच क्रमांक येतो.

त्याच पानावर प्रस्तावाची मुदत लिहिलेली असते. त्या तारखेच्या आत सही आणि पहिला हप्ता गेला नाही, तर प्रस्ताव रद्द होतो. म्हणून आपल्या मंत्रिमंडळाची आणि संसदेची मंजुरी त्याआधीच मिळवून ठेवावी लागते. किमती अंदाजे असतात. अमेरिकी सरकार नफा घेत नाही, तोटाही सोसत नाही, प्रत्यक्ष खर्च झाला तेवढा वसूल करतं आणि वर ३.२ टक्के प्रशासकीय आकार लावतं. सामानाच्या यादीत मोठा बदल करायचा असेल, तर दुरुस्तीपत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. काही लहान बदल मात्र अमेरिका एकतर्फी करू शकते, म्हणून येणारा प्रत्येक कागद वाचणारा माणूस नेमावाच.

जुनी गाडी घ्यायची असेल तर

अमेरिकी लष्कराला नको झालेला माल ‘एक्सेस डिफेन्स आर्टिकल्स’ या सदराखाली मिळतो, कधी मोफत, कधी मूळ किमतीच्या ५ ते ५० टक्क्यांत. क्रोएशियाला २०१४ मध्ये दोनशेहून अधिक सुरुंगरोधी वाहनं अशीच अमेरिकेच्या वापरलेल्या साठ्यातून मिळाली होती. अमेरिकेच्या स्वतःच्या सज्जतेला धक्का बसणार नाही, हे पाहूनच असा माल मोकळा केला जातो.

बँकांच्या लिलावाच्या जाहिरातीत आपण वाचतो, ‘जे आहे, जसे आहे, जिथे आहे’. इथली अट शब्दशः तीच. दुरुस्ती आणि वाहतूक घेणाऱ्याच्या खर्चाने. म्हणून माल उचलण्याआधी दोन्ही बाजूंची माणसं मिळून पाहणी करतात, आणि ती संधी कुणीही सोडू नये. कॅलिफोर्नियाच्या हर्लाँग इथल्या सिएरा आर्मी डेपोसारख्या कोरड्या प्रदेशात गाड्या रांगेने उभ्या असतात. पोलाद गंजत नाही, पण रबर वाळतं. होजपाइप, सील, ट्रॅकवरचे रबरी पॅड, तारांची आवरणं यांना चिरा पडतात, बॅटऱ्या मेलेल्या असतात. पाहणीला जाणाऱ्या पथकात अधिकाऱ्याइतकाच अनुभवी मेकॅनिक हवा. इंजिन सुरू करून, बुरूज फिरवून, गाडीचा अनुक्रमांक टिपून ठरवायचं की ही चालवायची, ही शिकवायला आणि ही उघडायला. क्रोएशियाच्या २२ गाड्यांकडे अशा नजरेने बघा. उत्पादन थांबलेल्या वाहनाचा गिअरबॉक्स किंवा बुरुजाचा एखादा भाग बाजारात मागवायला गेलं तर किती वाट बघावी लागेल याची खात्री नसते. घरच्या शेडमध्ये उभी असलेली गाडी हा सगळ्यात जवळचा साठा.

माल येताना आणि आल्यावर

खरेदीदाराने आपला माल वाहून नेणारा एजंट नेमायचा आणि ‘मॅपॅड’ या पत्त्यांच्या सूचीत अचूक नोंद ठेवायची. ही नोंद चुकीची किंवा जुनी असेल, तर सुट्या भागांची खोकी भलत्याच गोदामात जाऊन पडतात आणि इकडे गाडी एका सीलसाठी उभी राहते. खोकं उघडल्यावर माल कमी, फुटलेला किंवा चुकीचा निघाला, तर तफावतीचा अहवाल भरायचा. सर्वसाधारण मुदत एक वर्षाची. खोकी न उघडता गोदामात रचून ठेवणाऱ्याचा हक्क याच मुदतीत बुडतो, म्हणून आल्या दिवशी मोजणी करावी.

नंतर ‘गोल्डन सेंट्री’ या कार्यक्रमाखाली अमेरिकी अधिकारी माल ठरल्याप्रमाणे वापरात आहे ना, हे तपासतात. क्षेपणास्त्रांसारख्या संवेदनशील वस्तूंची अनुक्रमांकानुसार मोजणी होते.

दुसरी दारं

अमेरिका हेच एक दार नाही. फिनलंड आणि लॅटव्हिया यांनी एकत्र येऊन पात्रिया या फिनलंडच्या कंपनीच्या सहा चाकी वाहनाचा ‘कॅव्हस’ कार्यक्रम सुरू केला. स्वीडन आणि जर्मनी मागाहून आले. इथे आधी इरादापत्र, मग तांत्रिक करार, मग खरेदीचा चौकट करार असे कागद होतात, आणि नव्या देशाला आधीच्या सदस्यांची संमती लागते. लॅटव्हियाने २०२१ मध्ये दोनशेहून जास्त वाहनांची मागणी नोंदवली, आणि वाल्मिएरा गावात कारखानाही उभा राहिला. युरोपीय संघाने २०२५ मध्ये ‘सेफ’ नावाची १५० अब्ज युरोंची कर्जयोजना आणली. तिच्यात वाहनाच्या भागांच्या किमतीपैकी किमान ६५ टक्के वाटा संघ, त्याच्याशी जोडलेले काही युरोपीय देश किंवा युक्रेन इथला हवा, त्यामुळे अमेरिकेतच बनलेली गाडी या कर्जात बसत नाही.

आता आपणही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसू लागलो आहोत. अहिल्यानगरच्या वाहन संशोधन आणि विकास आस्थापनेने टाटांबरोबर तयार केलेलं आठ चाकी चिलखती वाहन मोरोक्कोने निवडलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या बेरेशीद इथे त्याच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. पुणे-चाकण पट्ट्यातल्या ज्या लघुउद्योजकाला अशा वाहनाचे भाग बाहेर पाठवायचे आहेत, त्याने आयात-निर्यात कोड तयार ठेवावा, आपली वस्तू ‘स्कोमेट’ या, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या सरकारी यादीच्या सहाव्या प्रवर्गात येते का ते पाहावं, येत असेल तर संरक्षण उत्पादन विभागाकडे ऑनलाइन परवानगी मागावी, आणि सोबत अंतिम वापराचं प्रमाणपत्र जोडावं. त्यावर कोणाची सही लागेल, हे वस्तू पूर्ण लढाऊ वाहन आहे की सुटा भाग, यावर ठरतं. मजकूर मात्र ओळखीचा आहे: माल कुठे जाणार, कशासाठी वापरला जाणार, आणि परवानगीशिवाय तो तिसऱ्याच्या हाती जाणार नाही.