अ‍ॅस्पार्टेममुळे फिट येते, हा संशय आला कुठून?

घरात फिट येणारं माणूस असलं की प्रत्येक फिटनंतर तोच शोध सुरू होतो, आज काय वेगळं झालं? काय खाल्लं, झोप किती झाली, गोळी चुकली का. माझ्या धाकट्या भावाला कॉलेजपासून अपस्मार आहे त्यामुळे हा शोध मला चांगलाच माहितीये. आधी नातेवाईक म्हणायचे बाहेरचं काहीतरी आहे, मग नजर झाली, आता कुणी ना कुणी सांगतं की त्याचा डाएट कोला बंद करा, त्यातल्या साखरेऐवजी घातलेल्या कृत्रिम गोडव्याने, म्हणजे अ‍ॅस्पार्टेमने मेंदूला झटके बसतात. आणि लगेच दुसरा म्हणतो, हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपचे फॉरवर्ड, काही तथ्य नाही. मला हे दोन्ही पटत नाही, कारण हा संशय व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी आधीचा आहे, त्यामागे खरे अभ्यास, खरे शास्त्रज्ञ आणि अमेरिकेत झालेली खरी सुनावणी आहे.

अ‍ॅस्पार्टेम सापडलं १९६५ च्या डिसेंबरमध्ये, अमेरिकेतल्या जी. डी. सर्ल कंपनीत. जेम्स श्लॅटर नावाचे केमिस्ट अल्सरच्या औषधावर काम करत होते, कागद उचलायला त्यांनी बोट जिभेला लावलं आणि ते भलतंच गोड लागलं. साखरेच्या साधारण २०० पट गोड. त्याआधी सॅक्रीन होतं, जे आपल्याकडे जुन्या मधुमेही आजोबांच्या डबीत असायचं, पण त्याला कडवट चव. सायक्लमेटवर अमेरिकेने १९६९ मध्ये बंदी घातली. म्हणजे कडवट न लागणाऱ्या नव्या गोडव्याची बाजार वाटच बघत होता.

हे अ‍ॅस्पार्टेम पोटात गेलं की त्याचे तीन भाग होतात, फिनाइलअ‍ॅलनिन, अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड आणि थोडं मिथेनॉल. पहिले दोन म्हणजे अमिनो अ‍ॅसिड, प्रथिनांचे घटक. फिटचा संशय सुरू होतो तो पहिल्या दोन भागांपासून. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे मेंदूचे संशोधक जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये दाखवलं होतं की ग्लुटामेट, अजिनोमोटोमध्ये असतं ते, मोठ्या डोसमध्ये दिलं तर उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी अति उत्तेजित होऊन मरतात, आणि अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड त्याच जातीचं. फिट म्हणजे शेवटी पेशींचं एकदम उत्तेजित होणंच, त्यामुळे शंका येणं साहजिक होतं. त्यात विस्कॉन्सिनच्या हॅरी वाइसमन यांनी सर्लसाठी माकडांच्या पिल्लांना दुधातून अ‍ॅस्पार्टेम दिलं, खूप मोठ्या डोसमध्ये, आणि बहुतेक पिल्लांना फिट आल्या. पण पिल्लं मोजकीच होती आणि १९७१ मध्ये वाइसमनच गेले. पुढे १९८४ मध्ये दुसऱ्या गटाने माकडांच्या पिल्लांना मोठे डोस देऊन बघितले तेव्हा फिट आल्या नाहीत. फॉरवर्डमध्ये पहिला अभ्यास नेहमी असतो, दुसरा कधीच नसतो, याचा मला खरंच राग येतो, कारण वाचणाऱ्याच्या घरात आजारी माणूस असतं.

परवानगीचा घोळ तर मोठाच आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या संस्थेने १९७४ मध्ये कोरड्या पदार्थांसाठी मंजुरी दिली, ओल्नी आणि वकील जेम्स टर्नर यांनी हरकत घेतली, तोपर्यंत सर्लच्या एकूणच चाचण्यांबद्दल प्रश्न उभे राहिले आणि १९७५ मध्ये मंजुरी थांबली. १९८० मध्ये चौकशी मंडळाने सांगितलं की मेंदूच्या गाठींची शंका मिटेपर्यंत परवानगी नको. पुढच्याच वर्षी रेगन सरकार आलं, आर्थर हल हेझ एफडीएचे नवे आयुक्त झाले आणि जुलै १९८१ मध्ये त्यांनी मंडळाचा सल्ला बाजूला ठेवून मंजुरी दिली. तेव्हा सर्लचे प्रमुख होते डोनाल्ड रम्सफेल्ड, तेच जे नंतर इराक युद्धाच्या वेळी संरक्षणमंत्री होते. एवढं सगळं वाचल्यावर माणसाचा विश्वास उडतो यात त्याची चूक नाही. फक्त मंजुरी घाईत झाली म्हणजे फिट येते असं सिद्ध होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९८३ मध्ये ते कोल्ड्रिंकमध्ये आलं आणि तक्रारी सुरू झाल्या. १९८४ मध्ये सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने पाचशेवर तक्रारी तपासल्या, डोकेदुखी सगळ्यात जास्त, पण एकाच आजाराचं म्हणावं असं ठरावीक चित्र दिसलं नाही. मग १९८५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे रिचर्ड वर्टमन यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात भरपूर अ‍ॅस्पार्टेम घेणाऱ्या आणि फिट आलेल्या काही पेशंटबद्दल लिहिलं, आणि १९८७ मध्ये सिनेटर मेट्झेनबॉम यांच्या सुनावणीतही ते बोलले. त्यांचा मुद्दा मला सगळ्यात विचार करण्यासारखा वाटतो. कंपनी म्हणायची की एक कप दुधात डाएट सोड्यापेक्षा कितीतरी जास्त फिनाइलअ‍ॅलनिन असतं, मग घाबरता कशाला? वर्टमन म्हणत, दुधात त्याच्यासोबत बाकीची अमिनो अ‍ॅसिड पण असतात, मेंदूत शिरायला सगळ्यांना एकच दार, त्यामुळे गर्दीत फिनाइलअ‍ॅलनिन मर्यादेत राहतं. सोड्यात ते एकटंच असतं, सरळ आत जातं आणि फिट रोखणारी रसायनं कमी होऊ शकतात. तर्क बरोबर वाटतो, पण माणसांवर बघितल्याशिवाय तर्क हा तर्कच.

माणसांवर बघितलं गेलं नव्वदीत. १९९२ मध्ये कॅनडात कॅमफिल्ड यांनी अ‍ॅब्सेन्स अपस्मार असलेल्या, म्हणजे क्षणभर नजर शून्यात लागते त्या प्रकारच्या १० मुलांना वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम एकदाच दिलं, तर ईईजीमधले, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या नोंदीतले, झटक्यांचे आलेख साखर दिलेल्या वेळेपेक्षा वाढले. २५ किलोच्या मुलाला हे १ ग्रॅम होतं, एका डब्यात २०० मिलिग्रॅम धरलं तर डाएट कोल्याचे पाच डबे एकदम. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शेविट्झ यांनी अपस्मार असलेल्या १० मुलांना दोन आठवडे रोज दिलं, फरक दिसला नाही. आणि १९९५ मध्ये रोवन आणि सहकाऱ्यांनी अशीच १८ माणसं घेतली ज्यांचं स्वतःचं म्हणणं होतं की आम्हाला अ‍ॅस्पार्टेमनेच फिट येते, त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवून, व्हिडिओ आणि ईईजी लावून दर किलोला ५० मिलिग्रॅम दिलं, तरी त्यानंतर फिट आली नाही. अभ्यास सगळे छोटे आहेत हे खरं. तरी संशय असलेल्या माणसांनाच तपासलं हे मला फार मोलाचं वाटतं.

मग त्या लोकांना जे दिसलं ते काय होतं? भावाच्या डॉक्टरांनी आम्हाला वही घालायला लावली, तारीख, वेळ, झोप, गोळी, जेवण, ताप असे रकाने, आणि डाएट कोल्याचा रकाना आम्हीच वाढवला. त्यात काय दिसलं तर कोल्याचे दिवस म्हणजे बहुतेक सबमिशनच्या रात्री, जागरण, वर कॅफिन, जेवण अर्धवट, कधी रात्रीची गोळीच राहिलेली. अपस्मारात झोप मोडणं आणि गोळी चुकणं ही फिट यायची नेहमीची कारणं आहेत, आणि मधुमेहात इन्शुलिन घेऊन जेवण टाळलं तर साखर खाली जाऊनही फिट येऊ शकते. म्हणून कुणाला संशय असेल तर खुशाल अ‍ॅस्पार्टेम बंद करून बघा, त्यात तोटा काहीच नाही, पण ते करताना अपस्माराची गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका, अचानक थांबवली तर फिटवर फिट येऊन जीवावर बेततं.

१९९८-९९ च्या सुमाराला एक ईमेल जगभर फिरला, अ‍ॅस्पार्टेमने फिट, मल्टिपल स्क्लेरोसिस, ल्युपस सगळं होतं म्हणणारा, आज मराठीत येणारे बरेच फॉरवर्ड त्याचाच वळसा घेऊन आल्यासारखे वाटतात. २०२३ मध्ये परत बातम्या आल्या, पण त्या कॅन्सरच्या होत्या, फिटच्या नाही. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने त्याला २बी गटात, म्हणजे कदाचित कॅन्सर होऊ शकेल पण पुरावा कमी अशा गटात, टाकलं आणि दुसऱ्या समितीने दर किलोला रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा तशीच ठेवली.

एका गटाला मात्र अ‍ॅस्पार्टेम खरंच टाळावं लागतं. फिनाइलकीटोन्यूरिया, पीकेयू, हा जन्मजात आजार असला की फिनाइलअ‍ॅलनिन शरीराला पचवता येत नाही, ते साठत जातं, आणि लहानपणी उपचार झाले नाहीत तर मेंदूची वाढ खुंटते आणि फिट सुद्धा येतात. आपल्याकडच्या डब्यांवर बारीक अक्षरात फिनाइलकीटोन्यूरिक लोकांसाठी इशारा असतो तो यांच्यासाठी.