औषधी अळंब्यांचे अर्क आणि मेंदूतील दाह

लायन्स मेन, रेशी, शिताके, टर्की टेल, चागा यांसारख्या कवकांपासून गरम पाण्याने किंवा अल्कोहोलने काढलेल्या अर्कांना औषधी अळंब्यांचे अर्क म्हणतात. मेंदूतील दाह व रोगप्रतिकारक पेशी यांच्यावर होणारा त्यांचा परिणाम हा गेल्या काही दशकांतील संशोधनाचा विषय आहे. येथे मेंदूतील दाह म्हणजे मेंदूज्वरासारखा तीव्र, संसर्गातून उद्भवणारा आजार नव्हे. वार्धक्यात आणि अल्झायमर, पार्किन्सन यांसारख्या विकारांत वर्षानुवर्षे धुमसत राहणारी मंद प्रक्रिया येथे अभिप्रेत आहे.

या प्रक्रियेच्या केंद्रस्थानी मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी 1919 मध्ये त्यांचे स्वतंत्र अस्तित्व दाखवून दिले. भ्रूणावस्थेतच पीतक कोशातून (भ्रूणाला जोडलेल्या पिशवीतून) मेंदूत येऊन स्थिरावलेल्या या पेशी आपल्या बारीक शाखा सतत हलवत आजूबाजूच्या चेतापेशींची चाचपणी करीत असतात. जंतूचा अंश किंवा मृत पेशीचा कचरा आढळला की त्या शाखा आखडून घेतात, गोलसर होतात, कचरा गिळतात आणि टीएनएफ-आल्फा, इंटरल्युकिन-1 बीटा, इंटरल्युकिन-6 ही दाहजनक प्रथिने व नायट्रिक ऑक्साइड सोडतात. हे काम थोडा वेळ चालले तर मेंदूचे रक्षण होते, पण ते थांबलेच नाही तर त्याच पदार्थांनी चेतापेशी जायबंदी होतात.

प्रयोगशाळेतील बहुतेक कामाची पद्धत एकसारखी आहे. उंदराच्या मायक्रोग्लियापासून तयार केलेल्या, बीव्ही-2 नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी बशीत वाढवतात, त्यांना जिवाणूच्या आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड देऊन चेतवतात आणि आधी किंवा सोबत अळंबीचा अर्क घालतात. रेशीतील गॅनोडेरिक आम्लांसारखी ट्रायटर्पीन संयुगे आणि लायन्स मेनमधील हेरिसेनोन व एरिनासिन यांच्या अशा प्रयोगांत दाहजनक पदार्थांचे प्रमाण घटलेले दिसते. दाहाची जनुके चालू करणारे एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन पेशीकेंद्रात कमी प्रमाणात शिरते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हेरिसेनोन व एरिनासिन ही संयुगे जपानी रसायनशास्त्रज्ञ हिरोकाझु कावागिशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात वेगळी केली. चेतापेशींच्या वाढीस लागणाऱ्या एनजीएफ या घटकाच्या निर्मितीला ती चालना देतात, हे त्यांचे मूळ आकर्षण होते. दाहाचा विचार नंतर आला.

येथे एक विसंगती आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय या विषयाला हात घालू नये. अळंबीच्या पेशीभित्तीतील बीटा-ग्लुकन ही बहुशर्करा रोगप्रतिकारक पेशींना चेतवते. भक्षकपेशींवरील डेक्टिन-1 हा ग्राही (बाहेरचा रेणू ओळखणारे प्रथिन) तिला कवकाची खूण म्हणून ओळखतो, हे 2001 मध्ये सिद्ध झाले. जपानमध्ये टर्की टेलपासूनचे क्रेस्टिन 1977 मध्ये आणि शिताकेपासूनचे लेंटिनान 1985 मध्ये कर्करोगावरील पूरक औषध म्हणून मान्य झाले, ते याच चेतवण्याच्या गुणामुळे. मग तोच अर्क प्रतिकारशक्ती वाढवतो आणि दाहही शमवतो, हे दोन्ही दावे एका बाटलीवर कसे शोभतात? उत्तर रसायनात आणि मार्गात आहे. ट्रायटर्पीनसारखे लहान, मेदात विरघळणारे रेणू मेंदूपर्यंत पोहोचण्याची शक्यता तरी असते. बीटा-ग्लुकनचा अवजड रेणू रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ओलांडून जाण्याजोगा नाही. तो आतड्याच्या भिंतीतील प्रतिकारक पेशींना भेटतो आणि आतड्यातील जिवाणूंचे खाद्य होतो. मेंदूवर त्याचा परिणाम होत असेल तर तो या आडवाटेने.

याला जोडून प्रयोगातील एक सापळाही सांगायला हवा. नीट शुद्ध न केलेल्या बहुशर्करेत जिवाणूंचे लायपोपॉलिसॅकराइड मिसळलेले राहू शकते. त्याचा अतिसूक्ष्म अंशही भक्षकपेशींना पेटवतो, आणि मग त्याचे श्रेय चुकून अळंबीच्या पदरात पडते. ही तपासणी केल्याचा उल्लेख नसलेला निष्कर्ष जपूनच वाचावा.

माणसांवरील पुरावा तुटपुंजा आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत सौम्य स्मृतिक्षीणता असलेल्या 50 ते 80 वयाच्या 30 व्यक्तींपैकी निम्म्यांना 16 आठवडे लायन्स मेनच्या गोळ्या, दिवसाला सुमारे 3 ग्रॅम, देण्यात आल्या. आकलनाच्या प्रश्नावलीत त्यांचे गुण वाढले, आणि गोळ्या थांबल्यावर चार आठवड्यांत ते उतरू लागले. त्या गोळ्यांत अर्क नव्हता, वाळवलेल्या अळंबीची पूड होती. आणि मोजले गेले ते प्रश्नावलीतील गुण, मेंदूतील दाह नव्हे. 2020 मधील तैवानच्या चाचणीत सौम्य अल्झायमर असलेल्या रुग्णांना एरिनासिन-ए समृद्ध कवकजाल (कवकाच्या धाग्यांचे जाळे) 49 आठवडे दिले गेले आणि दैनंदिन व्यवहारांत काही लाभ दिसला. हीदेखील छोटी चाचणी होती.

बाजारातील उत्पादनांत या फरकांना फार महत्त्व आहे. हेरिसेनोन अळंबीच्या फळात, तर एरिनासिन मुख्यतः कवकजालात सापडते. कवकजाल धान्यावर वाढवून धान्यासकट दळले, तर पुडीत पिष्टाचा मोठा वाटा असतो. पिष्ट हेही ग्लुकनच, म्हणजे ग्लुकोजची साखळी, असल्याने वेष्टनावरील ‘एकूण बहुशर्करा’ हा आकडा फुगतो. बीटा-ग्लुकनचा आकडा वेगळा छापलेला असेल तरच त्याला अर्थ आहे.

कोकण व पश्चिम महाराष्ट्रात फणसाच्या खोडावर वाढणारे, लाकडासारखे कठीण फणसोंबा किंवा फणसअळंबे सहाणेवर पाण्यात उगाळून लहान मुलांच्या तोंड येण्यावर लावण्याची प्रथा आहे. हे फेलिनस गटातील कवक असून याच गटातील जाती कोरियाच्या पारंपरिक औषधांतही आहेत. तोंडातील व्रणावरचा हा वापर त्या जागेपुरताच आहे. त्यावरून मेंदूविषयी काही अनुमान काढता येत नाही.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी रेशी टाळावी, कारण तिने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. चागामध्ये ऑक्झलेट भरपूर असल्याने दीर्घकाळ अतिसेवन करणाऱ्यांत मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. अवयवरोपण झालेल्यांत प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते आणि स्वयंप्रतिकार विकारांत ती आधीच चवताळलेली असते. अशा रुग्णांनी बीटा-ग्लुकनयुक्त अर्क उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.